84 ग्रॅमचं पातं

84 ग्रॅम. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवून खात्री केली, कारण डब्यावर छापलेल्या वजनावर विश्वास ठेवायची सवय टूलरूममधल्या माणसाला नसते. म्यानासकट 126. पातं साडेतीन इंच, पाठीवर जाडी 3 मिलिमीटर, एकूण लांबी आठ इंचांच्या आत. घडी न होणारा, एकसंध चाकू. मागवला भाच्यानं. तो सांगोल्याचा, डाळिंबाची बाग सांभाळतो आणि रात्री मोबाइलवर जंगलात एकटी राहणारी गोरी माणसं बघतो. "मामा, तुम्ही वापरून बघा आणि मग बोला," म्हणून माझ्याकडे ठेवून गेला. म्हणजे मी न बघताच बोलणार, हे त्यानं गृहीत धरलेलं होतं.

*

पहिली गोष्ट, तो हातात आल्यावर काही आल्यासारखं वाटत नाही. कोयता उचलला की मनगटाला कळतं. विळ्याचंही ओझं पुढच्या वाकणात असतं. इथं तोल बरोबर पहिल्या बोटाच्या खोबणीवर येतो. तर्जनीवर आडवा ठेवला तर स्थिर राहतो. तोल साधलाय, यात शंका नाही.

पण हलकेपणा फुकट मिळत नाही. कोयत्यात काम वजन करतं. हात फक्त दिशा देतो, ऊस आपोआप तुटतो. म्हणून तर तोडणीवाला दिवसभर टिकतो. 84 ग्रॅमच्या पात्यानं काही छाटायला गेलं की सगळा जोर खांद्यातून काढावा लागतो. बाभळीची अंगठ्याएवढी फांदी घाव घालून तोडून बघितली. तुटली, पण ते पाहून शेजारच्या बागेतला गडी हसला. हा चाकू घावाचा नाही, ओढीचा आहे. ओढून कापायचं काम दिलं तर हलकेपणा त्याच्या बाजूनं उभा राहतो, कारण संध्याकाळी मनगट दुखत नाही.

*

काळा रंग. पात्यावर, मुठीवर, म्यानावर, स्क्रूवरसुद्धा. डब्यावर बंदुकीच्या नेमाचं वर्तुळ. भाचा म्हणतो, रात्री चमकू नये म्हणून. सांगोल्यात रात्री मोटार चालू करायला जाताना चमकलं तर काय बिघडतं, हे विचारलं. उत्तर नाही.

*

या काळ्या चाकूंच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणावा असा एक खंजीर दुसऱ्या महायुद्धात इंग्रज कमांडोंसाठी बनला. फेअरबेर्न आणि साइक्स या दोघांच्या नावानं तो ओळखला जातो. दोघंही शांघायच्या म्युनिसिपल पोलिसांत काम केलेले, बंदरातल्या गल्ल्यांमधली मारामारी जवळून पाहिलेले. खंजीर बनवला विल्किन्सन सोर्ड कंपनीनं. दाभणासारखा अरुंद, दोन्ही बाजूंना धार, काम एकच. त्यानं कांदा चिरणं अवघड आणि दोर कापणंही सोयीचं नाही. सैनिकाला खरं तर दिवसातून दहा वेळा डबा, दोर, खोकं, लाकूड असलंच काही कापायचं असतं, म्हणून पुढं अमेरिकी मरीन सैनिकांसाठी 1942 मध्ये का-बार नावाचा जो जाडजूड सुरा आला तो अवजार म्हणूनच जास्त वापरला गेला. आताचे हे हलके चाकू पोशाख खंजिराचा घालतात आणि कामं का-बारची सांगतात. भाच्याच्या चाकूचं टोकही तसंच, गरजेपेक्षा बारीक. पत्र्याचा डबा उघडायला घेतलं तर पहिलं तेच जाईल.

*

मूठ.

मुठीत पातं शेवटपर्यंत गेलेलं आहे. ही बाब मात्र मनापासून आवडली. आपल्या विळ्याचं दुखणंच हे, की पात्याचं शेपूट लाकडात ठोकलेलं असतं, वर शेंबी चढवलेली असते, आणि मे महिन्यात लाकूड आटलं की मूठ फिरायला लागते. मग विळा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचा, लाकूड फुगेपर्यंत. इथं सुटायला काही नाहीच.

वजन कमी करायला मुठीच्या आतल्या पोलादाला भोकं पाडलीत, पाच मोठी आणि दोन लहान. ती भोकं दोन्ही बाजूंच्या पातळ पट्ट्यांनी झाकलीत आणि त्यावरून दोरी गुंडाळलीय. पट्ट्या ज्या पदार्थाच्या आहेत त्याचं डब्यावरचं नाव मायकार्टा. कापडाचे थर राळेत भिजवून दाबाखाली भाजले की हे तयार होतं. आमच्या टूलरूममध्ये त्याच जातीच्या मालाला कापडी हायलम म्हणायचे, आणि त्याचे बुश आणि गिअर कापून मी वर्षानुवर्षं काढलीत. कडेला कानस मारली की कापडाचे आडवे-उभे धागे दिसतात. या मुठीच्या कडेलाही दिसले. सोलापुरात, चादरीच्या गावात, आलेल्या चाकूच्या मुठीत कापड निघावं, याचं मला हसू आलं.

हायलमची एक खुबी आहे. ओल्या हातात ते घसरत नाही, उलट थोडं धरतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 43-44 वर असताना हाताला घाम येणारच, तेव्हा ही पट्टी चांगलीच. बिघडवलंय ते दोरीनं. पॅराशूटची दोरी म्हणतात तिला, 550 पौंड भार सहन करते, आत सात पदरी गाभा. संकटात सोडून वापरता येते, असं भाचा सांगतो. संकट येईपर्यंत ती घाम, माती, डाळिंबाचा रस आणि फवारणीचं औषध पिऊन बसते. मी सोडून टाकली. मूठ लगेच बारीक झाली आणि हातही बरा बसला. पाठीवर अंगठ्यासाठी पाडलेल्या खाचा मात्र टोचतात. बारीक कानशीनं त्यांची शिंगं मोडली.

*

पोलाद डी-2. हे नाव वाचून मी चाकूकडे जरा आदरानं बघायला लागलो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुठल्याही डायवाल्याकडे एचसीएचसीआर म्हणून मागितलं तर बहुतेक हेच मिळतं. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन, बारा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. पत्रा कापायच्या डाय आणि पंच याचेच करतात, कारण झीज कमी. साधारण हजार अंशांवर तापवून नुसतं हवेत निवू दिलं तरी कडक होतं. तेल नको, पाणी नको. गंजाच्या बाबतीत ते ना इकडचं ना तिकडचं. स्टेनलेस म्हणवून घेण्याइतकं क्रोमियम मोकळं राहत नाही, कार्बनशी बांधलं जातं. कोकणात हा चाकू आठवड्यात तपकिरी ठिपके दाखवेल. आमची हवा कोरडी, इथं निभतं.

*

शहराबाहेर रस्त्याकडेला घिसाडी उतरले होते. दोन पालं, एक ऐरण, हातानं फिरवायचा पंखा आणि ट्रकच्या कमानपाट्याचे तुकडे. नवरा सांडशीनं लोखंड फिरवतो, बायको उभी राहून घण घालते. दोघांत शब्द नाही. त्यानं छोट्या हातोडीनं ऐरणीवर टिक केलं की हिचा घण थांबतो. मी चाकू दाखवला. त्यानं आधी नखानं वाजवला, मग कानस घेऊन मुठीच्या मागच्या उघड्या कोपऱ्यावर फिरवली. कानस घसरली.

"पाणी कडक दिलंय."

म्हटलं, पाणी दिलंच नाही. हवेत निवतं हे.

"वाऱ्यावर?" त्यानं बायकोकडे बघितलं. "वाऱ्यावर पाणी चढतंय म्हणं."

मग चाकू उलटसुलट करून माझ्या हातात दिला आणि खरा प्रश्न विचारला. "मालक, कानस चालत न्हाई तर रानात बोथटल्यावर घासायचं कशावर?"

याच्यावर भाच्याच्या डब्यात काही लिहिलेलं नाही. घिसाड्याचा विळा मुद्दाम मऊ असतो. तो पातं लालभडक करून फक्त धारेकडची कड पाण्यात धरतो, पाठ मऊच राहते. दगड लागला तर धार मुडपते पण तुटत नाही, आणि बांधावर बसून कानशीचे चार हात मारले की पुन्हा गवताला लागते. डी-2 ची धार त्याच्या तिप्पट टिकेल, पण गेली की रानात परत आणता येत नाही. साधा कार्बोरंडम दगड तिला सावकाश खातो. हिऱ्याच्या पावडरीची पट्टी हवी, ती वेगळी घ्यावी लागते. सायकलवर चाक फिरवत गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे तर हा चाकू देऊच नये. त्याच्या कोरड्या दगडावर पातळ कड क्षणात निळी पडते आणि तिचा कडकपणा उतरतो.

*

वापरून बघितलं ते असं. चादरींच्या गठ्ठ्यावरची प्लॅस्टिक पट्टी: एका ओढीत. सुतळी, बारदान, पुठ्ठा: उत्तम, आणि पुठ्ठ्यासारखी धार मारणारी गोष्ट दुसरी नाही, तरीही टिकली. ठिबकची 16 मिलिमीटरची नळी: तिरकी न जाता सरळ कापली गेली, हे महत्त्वाचं, कारण तिरक्या तोंडात जोडणी गळते. कांदा: चिरला जात नाही, फाटतो. अर्ध्यात गेला की पात्याची जाडी पाचरीचं काम करते आणि उरलेला कांदा कट्कन दुभंगतो. आमच्या घरातली पाच-पन्नास रुपयांची पातळ सुरी इथं त्याला सहज हरवते. टोमॅटोचं न लिहिलेलं बरं.

*

जाडीचाच मुद्दा कलमाला नेऊन बघितला. नान्नज भागात द्राक्षाच्या रानात डॉगरीज खुंटावर पाचर कलम करतात. सोनाका ही जात याच नान्नजची, नानासाहेब काळे यांची. सोलापूर, नान्नज आणि काळे यांची आद्याक्षरं तिच्या नावात आहेत. कलम करणारा गडी काडीला दोन्ही बाजूंनी एकेका ओढीत काप देतो. तो काप आरशासारखा सपाट हवा, मध्ये पातं अडलं की पाचर खुंटाला पूर्ण चिकटत नाही आणि कलम जातं. त्याचं पातं पातळ, कडेपर्यंत सपाट घासलेलं. या चाकूला धारेच्या वर खांदा आहे. काडीत शिरला की खांदा वर उचलतो आणि काप पोकळ येतो. गड्यानं एक काडी घासून बघितली, टाकून दिली आणि आपली सुरी काढली. काही बोलला नाही.

*

रापी आठवली. बाजारात चांभाराच्या समोर पडलेली असते ती. रुंद, चपटी, मुठीला फार तर कापड किंवा चामड्याची पट्टी. हातात घेऊन बघा, वजन जवळपास याच्याइतकंच. हलका एकसंध चाकू आपल्याकडे नव्हता असं म्हणणाऱ्याला ती दाखवावी. तसेच तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचे चाकू. कारखान्यातल्या पॉवर हॅक्सॉचं जाड ब्लेड मोडलं की कुणीतरी उचलतं, ग्राइंडरवर टोक काढतं, मागच्या अर्ध्या भागाला सायकलची ट्यूब गुंडाळतं. आमच्या टूलरूममध्ये प्रत्येकाच्या कप्प्यात एक असायचा, जेवणाच्या सुट्टीत काकडीपासून बेल्टच्या तुकड्यापर्यंत सगळ्याला चालायचा. पोलाद अस्सल, कडकपणा भरपूर, किंमत शून्य.

स्वीडनच्या मोरा गावचे चाकू बाहेरच्या जगात याच पंगतीतले. प्लॅस्टिकची मूठ, पातळ पातं, स्वस्त. सुतार आणि कोळी कमरेला लावून हिंडतात, हरवला तर रडत नाहीत. भाच्याला खरं तर तसला हवा होता. पण तो लाल-निळ्या रंगात येतो, आणि जंगलात एकट्या राहणाऱ्या माणसाला तो शोभत नसावा.

*

म्यान कायडेक्सचं. तापवून मऊ केलेला प्लॅस्टिकचा पत्रा चाकूभोवती दाबून बसवतात, म्हणून चाकू आत गेला की टक् आवाज होऊन अडकतो. उलटा धरून झटकला तरी पडत नाही. चामड्याच्या म्यानात घाम आणि ओल मुरते, याच्यात नाही. मात्र आत शिरलेली वाळू पात्याचा काळा रंग खरवडते. लाल मातीच्या दोन-चार फेऱ्यांनंतर पात्यावर आडवे पांढरे ओरखडे आले. मला ते जास्त बरं दिसलं.

*

कमरेला लावून सोलापुरात हिंडायचं का? नको.

कायद्याची मापं बघून घेतली. शस्त्र अधिनियम 1959 चा. त्याखालच्या 2016 च्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं परवान्याच्या यादीत येतात, घरगुती, शेतीची, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची सोडून. साडेतीन इंचांचं पातं त्यात बसत नाही. भाचा खूश झाला. त्याला पुढचं वाचून दाखवलं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 37, पोटकलम 1. या कलमाखाली मनाई आदेश निघाला की चाकू, काठी, सोटा काहीच सार्वजनिक ठिकाणी बाळगता येत नाही, आणि तिथं इंचांचा हिशोब नाही. सण, मोर्चा, निवडणूक, कसलंही निमित्त पुरतं. गड्ड्याच्या यात्रेत हा काळा चाकू कमरेला लावून शिरलेल्या पोराला पोलीस आधी बाजूला घेईल आणि मग नाव विचारेल. त्याचं चुकतंय असंही म्हणवत नाही.

गंमत अशी, की त्याच रस्त्यावरून सायकलच्या कॅरियरला दीड फुटी कोयता अडकवून माणूस जातो आणि कुणी मान वळवत नाही. जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने. दिवाळीनंतर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून कोयते येतात, रस्त्याकडेला कोपीत रात्रभर उशाशी असतात. एका घावात कोयता काय करू शकतो ते या 84 ग्रॅमला जमणार नाही. पण कोयत्याकडे बघितलं की ऊस दिसतो. पुण्यात कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या आल्यापासून तिथं मात्र ऊस दिसेनासा झाला, कोयता विकणाऱ्या दुकानदारांनाही पोलिसांनी गिऱ्हाइकाची नोंद ठेवायला सांगितली. आमच्याकडे अजून तसं नाही. या चाकूनं पहिल्या दिवसापासून काळा पोशाख करून संशय स्वतःहून ओढवून घेतलाय.

अक्का, म्हणजे भाच्याची आई, फोनवर एवढंच म्हणाली, "त्याला सांग, विळा न्यायला लाज वाटती का तुला?"

*

सांगोल्याला बागेत नेला. डाळिंबाची छाटणी याच्यानं करायची नाही, हे आधीच ठरलेलं. तिथं कात्रीच हवी. आणि तेल्या रोग असलेल्या बागेत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी लागते, नाहीतर जिवाणू कात्रीबरोबर पुढं जातात. हा चाकू तसा बुडवला तर द्रावण डी-2 ला खाईल, आणि मुठीच्या पट्ट्यांखालच्या भोकांत जे अडकेल ते धुऊन निघणार नाही. फळ कापून बघितलं. सालीला लागलेली उघडी कड पंधरा मिनिटांत करडी, मग काळपट झाली. डाळिंबाच्या सालीतलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळं होतंच. रंगारी हाच मेळ कापडावर घालून काळा रंग काढत आलेत. पुसलं तर जात नाही, घासावं लागतं.

आणि तिथंच त्याला काम सापडलं, पण धारेचं नव्हे. सांगोल्यात गेल्या काही वर्षांत पिन होल बोरर या किडीनं बागाच्या बागा उपटायला लावल्या. खोडाला टाचणीएवढी भोकं, बाहेर पिवळसर भुसा, आणि आतून झाड संपलेलं. भोकं शोधायची तर खोडाची जुनी, सुटलेली साल खरवडून काढावी लागते, पण जिवंत साल दुखवायची नाही. विळ्यानं हे होत नाही, तो खोल जातो. कानशीनं वेळ लागतो. या चाकूची पाठ बरोबर काटकोनात, कडा तीक्ष्ण. उलटा धरून वरून खाली ओढला की मेलेली साल पापुद्र्यांनी सुटते आणि हिरव्याला लागलं की पाठ स्वतःच थांबते. हलका असल्यामुळे हात अडकत नाही, फांद्यांच्या बेचक्यातही शिरतो. भाच्यानं एका ओळीची खोडं अशी साफ केली, मागून गड्यानं गेरू आणि औषधाचा लेप फिरवला. एका खोडावर भोकं सापडली. लेपाच्या खाली ती दिसलीच नसती.

चाकू करणाऱ्यानं ही पाठ म्हणे चकमक घासून ठिणगी पाडायला केलीय.

*

गावातली आणखी पोरं हाच मागवायच्या विचारात आहेत. भाच्याला 1,900 रुपये पडले, त्यात घिसाड्याकडून घरातल्या प्रत्येकाला एकेक विळा होऊन वर चहापाणी झालं असतं. तरी घ्यायचाच असेल तर एवढं बघा, असं लिहून दिलं. जाडी 2 ते अडीच मिलिमीटर, त्यापेक्षा जास्त नको. धारेच्या वरचा खांदा बोटानं चाचपून बघा, जितका कमी तितका चांगला. दोरीची मूठ नको. म्यानाला तळाशी पाणी आणि वाळू निघायला भोक हवं. टोक थोडं बोथट असलं तर चांगलंच. पाठ काटकोनात आहे का ते नखावर घासून बघा, पांढरी पूड पडली पाहिजे. हिऱ्याची पट्टी सगळ्यांत मिळून एक घ्या, प्रत्येकानं वेगळी घ्यायची गरज नाही.

रंगाचं विचारलं तर भाचा म्हणाला, काळाच. घ्या म्हटलं. सांगोल्याच्या मातीत हंगामभरही टिकत नाही तो.